उंदरांनी ठेवलेली बाशिंगं

फार पूर्वी, नवरदेव बाशिंगाशिवाय बोहल्याकडे बघतसुद्धा नसत तेव्हा, एका गावात एक बाशिंगवाला होता. गेल्या जेठात त्याची सगळी बाशिंगं खपली. काही नवरदेव तर रडत परत गेले. त्यानं ठरवलं, यंदा तिप्पट करायची!

बायको माहेरी गेलेली. त्यानं कणगीतला तांदूळ आणि गुळाची ढेप देऊन गाडीभर बेगड न् कागद घेतले.

शेजारी म्हणाला, "अहो, जरा पंचांग तरी बघा."

"नवरे काय पंचांग बघून जन्माला येतात?"

घर असं भरलं की मांजर बाशिंगांतच व्यायली, आणि पिल्लांनी मुंडावळ्यांसकट डोळे उघडले.

बायको परतली. कणगीत डोकावली, तर तळ दिसला.

"तांदूळ कुठाय?"

"त्याचीच ही बाशिंगं! जेठ लागू दे, दारात रांग बघ."

"अहो, यंदा अधिक जेठ! धोंड्याच्या महिन्यात लग्नं लागतात होय? जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. लग्नानंतर पोरीचा पहिलाच धोंडा, म्हणून राखला होता तो तांदूळ!"

बाशिंगवाला बोटांवर महिने मोजू लागला. "त्याच्या पुढच्या महिन्यात तरी... लागतील ना लग्नं?"

उत्तर माळ्यावरून आलं. कुर्र... कुर्र... मांजर पिल्लांत गुंतलेली, आणि कागद चिकटवायच्या खळीच्या वासानं गावचे सारे उंदीर जमले होते. सकाळी बाशिंगं उरली फक्त तेहतीस. नेमकी तेहतीसच कशी, मला विचारू नका; उंदरांनी पंचांग बघितलं असावं.

उसना तांदूळही मिळेना. घरोघरी तो अनारशांसाठीच भिजत पडलेला. आणि लेक-जावई तर दारात!

जावई पाटावर बसला. सासऱ्यानं ताट पुढं केलं. जावयानं वरचा रुमाल उचलला आणि पाटासकट मागं सरकला.

"मामा, हे काय?"

लेकीनं ताटातली बाशिंगं मोजली. मग म्हणाली, "बाबा, ह्यांची अजून तेहतीस लग्नं लावताय का?"

त्या दिवसापासून बाशिंगवाला कात्रीला हात लावण्याआधी बायकोला विचारतो, "यंदा वेगळं काय आहे गं?"

तात्पर्य काय, तर गेल्या साली किती खपलं ते जरूर आठवावं. पण माल करण्याआधी यंदाचं साल कसं आहे, ते चार जणांना विचारावं. नाहीतर हिशेब उंदीर करतात.