फाट्यावरची कचेरी

"मग तिथं बसलंय कोण, महाराज?"

निहालपुरी महाराज मठाच्या ओसरीवर पितळी तांब्या राखेनं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं?"

"फाट्यावरच्या खोलीत. तुम्हीच दिलेल्या. माझ्या कचेरीत."

"तुमच्या कचेरीत तुम्हीच बसत असाल."

कौस्तुभ उंबरकर उभाच होता. महाराजांनी 'तुम्ही' म्हटलेलं त्याला लागलं. शाळेत असताना दर सुट्टीत तो या मठात राहिलेला. श्वासाकडं लक्ष ठेवून बसायला तो याच ओसरीवर शिकला होता. पुढं पुण्यात भल्या पगाराची नोकरी लागली, तेव्हा त्यानं महाराजांना सांगून टाकलं होतं, की इथं शिकण्यासारखं होतं ते शिकून झालं. महाराज तेव्हा हसले होते.

आज हसत नव्हते.

"मला 'तुम्ही' काय म्हणता, महाराज? मी कौस्तुभ."

"असाल… ओळख पटेपर्यंत तुम्ही म्हणावं."

तांब्यावर राख फिरत राहिली.

झालं होतं ते असं. नोकरी सोडून कौस्तुभनं स्वतःची कंपनी काढायचं ठरवलं. विहिरीवरची मोटार घरबसल्या फोनवरून चालू-बंद करता येईल, असं यंत्र त्यानं बनवलं होतं. काम सगळं लॅपटॉपवर. आज विमानतळावर, उद्या नाशकात. पण कंपनीच्या नोंदणीला एक ठिकाण लागतं. दाराला नावाची पाटी लागते, आलेलं टपाल घ्यायला माणूस लागतो, कुणी तपासायला आलं तर दार उघडावं लागतं. भाड्याच्या फ्लॅटचा मालक संमती देईना आणि सोसायटी पाटी लावू देईना.

तेव्हा त्याला मठाची खोली आठवली. फाट्यावर, रस्त्याच्या कडेला, पूर्वी वाटसरू टेकायचे ती. महाराजांनी संमती दिली. वर एवढंच म्हणाले, "पाटी लावायच्या आधी तिथं मुक्काम कर. चूल पेटव, दूध उतू जाऊ दे. नाव लावून खोली रिकामी ठेवू नकोस."

"हल्ली धंद्याला जागा लागतच नाही, महाराज," कौस्तुभ हसून म्हणाला होता. "ही आपली सरकारला दाखवायला."

त्यानं टेबल-खुर्ची आणून टाकली, पाटी ठोकली आणि त्याच दुपारी पुण्याला परतला.

महाराजांनी तांब्या विसळला.

"तपासायला कुणी आलं होतं?"

"आले होते एक साहेब. त्या दिवशी मी मुद्दाम आलो होतो. टेबलावरच्या धुळीतून बोट फिरवून म्हणाले, इथं बसतं कोण?"

"मग?"

"म्हटलं, मीच बसतो."

"एवढंच?"

कौस्तुभ घुटमळला.

"म्हटलं, रोज बसतो. इथून हलतच नाही… मी कुठं भेटणार तर इथंच."

"कुठं उभं राहून म्हणालात?"

"उंबऱ्यात."

"हात कुठं होता?"

कौस्तुभला आठवलं. भर उन्हाची वेळ होती, तरी चौकटीचा दगड तळहाताला गार लागला होता. ओल्या फडक्यासारखा.

"चौकटीवर."

महाराजांचा हात थांबला.

"घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आईनं लहानपणी सांगितलं असेल."

"सांगितलंय. पण मी वाईट कुठं बोललो?"

"वाईट नाही बोललात."

"…खोटं बोललो, महाराज."

"तेही आता खोटं राहिलं नाही."

महाराजांनी तांब्यातलं पाणी ओतून दिलं. मग म्हणाले, "सांगा पुढचं."

तपासणीचे ते साहेब पुन्हा आले होते, न कळवता. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "उंबरकर, बरं वाटलं हो. बहुतेक ठिकाणी आम्हाला कुलूपच भेटतं. तुम्ही भेटलात, तेही कामात." त्या दिवशी कौस्तुभ पुण्यातून हललाही नव्हता. साहेबांचा काही घोटाळा झाला असेल, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. खरं सांगायचं तर तो खूश झाला होता. नोंदणी पक्की झाली होती.

मग त्याची आई परळीहून आपल्या भावाकडं निघालेली. एसटीच्या खिडकीतून लेकाच्या नावाची पाटी दिसली म्हणून ती फाट्यावर उतरली. फोन तिनं भावाच्या घरी पोचल्यावर केला.

"किती दिवसांनी नीट बसलास रे माझ्यापाशी," ती म्हणाली. "एकदासुद्धा मोबाइलकडं पाहिलं नाहीस. नुसता ऐकत होतास. हात तेवढे गार होते तुझे… काही दुखत-खुपत नाही ना?"

"आईला काय सांगितलंत?" महाराजांनी विचारलं.

"काहीच नाही. ती इतकी खूश होती…"

"आणि पुण्यात?"

कौस्तुभनं गाडीची किल्ली मुठीत दाबली.

"सोसायटीचा वॉचमन विचारतो, कुणाकडं जायचंय? रोज विचारतो, महाराज. आणि गार्गी… माझी बायको. ती माझं ताट घ्यायचं विसरते. समोर बसलेला असतो मी. आठवण करून दिली की ओशाळायची, उठून वाढायची. काल ओशाळलीसुद्धा नाही. पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, भात घेणार का आपण?"

महाराजांनी तांब्या उपडा घातला.

"संमती मागं घ्या, महाराज. पाटी मी आत्ता काढतो. नोंदणी गेली तर गेली."

"काढा की."

"गेलो होतो. इकडं यायच्या आधी तिथंच गेलो होतो."

फाट्यावर पंक्चरवाला बाबूभाई त्याच्याकडं बघतच राहिला होता. "काय साहेब, जादूबिदू शिकलात का? आत्ता तर आत होतात. खिडकीतून मान हलवलीत मला. बाहेर कधी आलात? आणि ही गाडी कुणाची मारून आणली?"

कौस्तुभला हसू आलं नाही. खोलीचं दार आतून लावलेलं होतं. त्यानं कडी वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

आवाज त्याचाच होता. फक्त त्यात घाई नव्हती.

"मी कौस्तुभ उंबरकर."

मग अगदी आदबीनं प्रश्न आला…

"बरं. आणि आपण असता कुठं?"

एवढं सांगून कौस्तुभ थांबला.

"मग?" महाराज म्हणाले. "काय उत्तर दिलंत?"

दारात त्याला बोलता आलं नव्हतं. तोंड उघडलं होतं. पण फ्लॅटचा नंबर, मजला, सोसायटीचं नाव, एकही जिभेवर येईना. डोळ्यांपुढं आले ते टोलनाके, विमानतळावरच्या रांगा, हॉटेलांच्या खोल्या. एकासारख्या एक.

"त्याला बाहेर काढा, महाराज. हात जोडतो."

"काय म्हणून काढू? दार उघडतो. टपाल घेतो. आईचं ऐकतो. दिवस मावळला की खोली झाडून इथं येतो."

"इथं?"

"रोज. दिवेलागणीला. येऊन बसतो. मी पूर्वी एका मुलाला बसायला शिकवलं होतं… तसा बसतो."

ऊन ओसरीवरून कधीच उतरलं होतं.

"त्याला तुम्ही तू म्हणता?"

"तू म्हणतो."

"मग मी कोण, महाराज?"

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले. खुंटीवरची चटई काढली, झटकली, ओसरीवर अंथरली. चटई एकच होती.

"मी म्हातारा माणूस. नजर अधू झालीय, तोंडावरून काही कळत नाही. मी हाक मारतो. जो येऊन बसतो, तो कौस्तुभ."

कौस्तुभ खाली वाकला. बुटाची नाडी सोडू लागला. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ ओढली तशी आणखी आवळली.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सवयीनं हात खिशाकडं गेला… अर्ध्यावर त्यानं तो थांबवला.

आणि तेव्हा त्याला ऐकू आलं.

मठाच्या पायवाटेवर पावलं वाजत होती. सावकाश. एक पाऊल पुरतं टेकायचं, मगच दुसरं उचलायचं. कुठं पोचायचं राहून गेलंय असं त्या चालण्यात काहीच नव्हतं.

मागं वळून बघायचा धीर कौस्तुभला झाला नाही. बोटं गाठीत अडकली होती. फोन थरथरतच होता.

पावलं त्याच्या पाठीशी, पायरीपाशी थांबली. वहाण काढल्याचा आवाज झाला. मग दुसरी.

महाराजांनी कोनाड्यातला दिवा लावला. चटईसमोर मांडी घातली. डोळे मिटले.

"ये, कौस्तुभा," ते म्हणाले. "बस."