टिटवीचं पाऊल

जनावरं सभा भरवून कारभार करायची, त्या काळची ही गोष्ट. म्हशींसाठी तळ्यात उतरायची नवी वाट ठरत होती, आणि ती नेमकी टिटवीच्या अंड्यांवरून जात होती. टिटवी धावतच सभेला गेली.

"आधी इथं चिखलात पाऊल उमटव, मग बस," कारभारी बगळा म्हणाला. तिनं उमटवलं.

"कुणाची हरकत?"

"माझी आहे, बगळेदादा! तिथं माझी चार अंडी आहेत."

"अगं, तुझं पाऊल आहे की इथं. म्हणजे तू मान्य केलंस."

"ते तर मी आले म्हणून दिलं ना?"

"आली नसतीस तरी मान्यच धरलं असतं," बगळा म्हणाला, आणि सभा उठली.

टिटवीला काही कळेना. आपण हो म्हटलं तरी कधी? सकाळी म्हशी आल्या, तेव्हा ती अंड्यांपुढं पंख पसरून उभी राहिली.

पुढची म्हैस थबकली. "अगं बाई, सगळ्यांनी मान्य केलंय ना? मग तू इथं कशी?"

"तेच मला कळेना, म्हैसबाई. पण तुम्हाला हीच वाट कशाला हवी?"

"आम्हाला कुठं हवी? पलीकडचा जुना उतारच बरा. पण चिखलात पाऊल आमचंही घेतलंय ना."

म्हैस जरा वेळ आपल्याच खुराकडं बघत राहिली. मग ती जुन्या उताराकडं वळली, आणि मागच्या साऱ्या म्हशी तिच्यामागं चालू लागल्या.