शेवंतीची जांभई

एका राज्यात कीर्तिध्वज नावाचा राजा होता. लढाया करून करून तो पार थकला होता, पण राजाने थकलो म्हणायचं तरी कुणाला? त्याची शेवटची मोहीम निघाली मांत्रिक ताम्राक्षाच्या डोंगरावर. तिथलं सोनं त्याने आपल्या शेवंती घोडीच्या पाठीवर लादलं आणि तिला उतारावरून दामटलं. मागून मांत्रिक ओरडला, "या हाताने लादलंस, याच हाताने उतरव! नाहीतर घोडीचा दगड होईल."

झालंही तसंच. राजधानीच्या पागेत शिरताच शेवंतीचे खूर दगडाचे झाले. मग दगड गुडघ्यांपर्यंत चढला, मग मांड्यांपर्यंत. राजाने स्वतःच्या हाताने सोनं उतरवलं, डोंगरावर परत नेऊन टाकलं. दगड काही थांबेना. तो काळजाशी पोचला की संपलं, आणि राजाला या जगात शेवंतीवाचून जिवाभावाचं कुणी नव्हतं.

शेवंतीच्या पाठीवरचे गोचीड टिपायला एक साळुंकी येई. ती म्हणाली, "राजा, ओझं सोन्याचं नाही, तुझ्या हाताचं आहे. हात हलका करायला शीक. तीन कामं देते."

"दे."

"तळ्याच्या पाण्यावर तळवा टेक. तरंग उठता कामा नये."

तलवारीला सरावलेला हात तो! कधी बुडे, कधी थरथरे. काठावरचे बेडूक राजाला खदाखदा हसत. हसून हसून तेही कंटाळले, तेव्हा कुठे पाणी निश्चल राहिलं.

"आता माझं पिल्लू मुठीत धर. ते झोपलं पाहिजे."

पिल्लू किंचाळलं, चोची मारू लागलं. राजाने मूठ सैल केली, आणखी सैल केली. अखेर ते झोपलं.

"तिसरं?"

"घोडीला हात लाव. आणि काही मागू नकोस."

आता त्या पागेची एक रीत होती. राजा समोर आला की घोड्याने मान उंच धरून ताठ उभं राहायचं. कुणी मान खाली घातली, जांभई दिली, की घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने लगाम हिसकलाच. राजाने मानेवर हात ठेवताच शेवंती ताठली. तिला सैल करायला राजाने जोर लावला, तशी ती आणखी ताठली. दगड पोटापर्यंत आला.

"मागतोयस," साळुंकी म्हणाली.

"ती बरी व्हावी, एवढंही मागू नको?"

"एवढंही नको."

राजाला रडू आलं. त्याने शेवंतीच्या मानेला कपाळ टेकलं. "शेवंते, मी थकलो गं," तो म्हणाला. आजवर कुणापाशी तो हे बोलला नव्हता. त्याचा हात तिच्यावर तसाच राहिला, पाण्यावर राहिला होता तसा. बोटं कानामागून आयाळीच्या कडेने हळूहळू सरकली. एका जागी शेवंतीची पापणी लवली. राजा तिथेच थांबला. दाबलं नाही, चोळलं नाही, नुसता थांबला.

शेवंतीची मान हळूहळू खाली आली. खालचा ओठ लोंबू लागला. आणि भर पागेत, राजाच्या तोंडासमोर, तिने भली मोठी जांभई दिली.

रायबा मोतद्दार लगामाकडे धावला. "महाराज, बेअदबी!"

"असू दे, रायबा. तिच्या पायांचे दोर सोड."

रायबाने दोर सोडले, तसा दगड खपली निघावी तसा गळून पडला. शेवंतीने अंग झाडलं, एक पाय उचलला, मग दुसरा. रायबा सवयीने खोगीर घेऊन आला. राजाने ते परत पाठवलं आणि तिच्या बाजूने पायी निघाला, तिच्या चालीने.

दारापाशी राजालाही जांभई आली. ती त्याने आवरली नाही. पागेतल्या साऱ्या घोड्यांनी ते पाहिलं, आणि एकेकाची मान खाली आली.

शेवंतीचं ओझं उतरलं, राजाचं उतरलं. ऐकणाऱ्याच्या खांद्यावरचंही उतरो.