कुंपणाच्या आतली साळू

पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरात नंदिसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व भाजीचा मळा करणाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव भद्रक. त्याचा मळा वेशीबाहेर, ओढा आणि रान यांच्या मधोमध होता. बायको उत्पला त्याच्याबरोबर राबत असे. ती बोलायला फटकळ होती, पण वांग्याच्या रोपाला पाणी घालतानासुद्धा त्या रोपाशी दोन शब्द बोलल्याशिवाय तिला राहवत नसे.

त्या वर्षी त्यांची एकुलती लेक नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिने निरोप पाठवला होता, "आई, मला दुसरं काही नको. आपल्या मळ्यातलं वाळूक खावंसं वाटतं." त्या दिवसापासून उत्पलाचे सगळे लक्ष वाळकाच्या वेलांवर लागले. कोणते वाळूक किती भरले, कोणाला गवताची उशी द्यायला हवी, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

अशात एका सकाळी वेलाखाली कुरतडलेली वाळके दिसली. शेजारी काळे-पांढरे लांब काटे पडले होते. साळू आली होती.

भद्रकाने बोरीबाभळीचे काटे तोडून आणले आणि मळ्याभोवती दाट कुंपण घातले. साळू उकरून आत येऊ नये म्हणून तळाशी दगड रचले. त्या भागात कुंपणाची शेवटची फांदी घरच्या बाईने लावायची रीत होती. ती लावताना "आतलं ते आमचं, बाहेरचं ते रानाचं" असे म्हणायचे. आत असेल त्याला घरच्यासारखे जपायचे, हा त्या शब्दांचा करार होता. उत्पलाने हात जोडले, शब्द म्हटले आणि फांदी खोचली.

शेजारचा मळेकरी सोणक बांधावर उभा राहून हसत होता. "वहिनी, साळूला कुंपण कळतं होय? तिला धूरच पाहिजे."

"तुमच्या तोंडाला आधी कुंपण घाला, भाऊजी!" उत्पला म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळके गेली. भद्रकाने कुंपण आणखी दाट केले, तरी तिसऱ्या दिवशी दुधी गेला. वेल ओकेबोके दिसू लागले. नंदा यायची वेळ जवळ आली, तसे उत्पलाला घास गोड लागेना.

"अहो, ही येते कुठून? वाऱ्यावर बसून येते का?"

भद्रक कुंपणाच्या कडेकडेने चालत गेला. कुठेही फट नव्हती, एक दगडही हललेला नव्हता. बाहेरच्या मऊ मातीत साळूचे एकही पाऊल नव्हते. पावले होती ती सगळी आत. त्यांच्या मागोमाग तो सुरणाच्या कोपऱ्यातल्या जुन्या बांधापाशी पोचला. बांधाच्या पोटात बीळ होते.

"उत्पले," तो हळूच म्हणाला, "ती येत नाही गं. ती इथेच राहते. आपणच तिला आत घेऊन कुंपण घातलं."

उत्पलाने कपाळावर हात मारला. सोणकाला हसू आवरेना. तो धावत जाऊन निखाऱ्यांचे मडके आणि सुके शेण घेऊन आला. "आता सोपं झालं. बिळाच्या तोंडाशी धुरी देऊ. बाहेर आली की काठी."

उत्पलाने काठी उचलली. तिच्या डोळ्यांपुढे रिकामे वेल होते आणि वाटेकडे डोळे लावून बसलेली लेक. ती बिळाशी वाकली, तेव्हा आतून बारीक चिवचिव ऐकू आली. अंधारात मऊ काट्यांची दोन पिल्ले आईच्या पोटाशी घुसत होती. साळू काटे फुलवून त्यांच्यापुढे उभी होती, पण तिचे अंग थरथरत होते.

भद्रक म्हणाला, "फांदी लावताना तू काय म्हणाली होतीस?"

उत्पलाने काठी खाली ठेवली.

त्या दिवशी भद्रकाने त्या बाजूचे कुंपण उपटले आणि आत घेऊन बांधाच्या अलीकडे नवे घातले. सुरणाचा कोपरा, मळ्यातली सगळ्यात काळी माती, बिळासकट बाहेर राहिली. तिथून रानात जायची वाट मोकळी झाली. संध्याकाळी शेवटची फांदी उत्पलाच्या हातात आली.

सोणक मडके घेऊन उभाच होता. "वहिनी, आता तर ती बाहेर आहे. आता शब्द आड येत नाही. देऊ धुरी?"

उत्पलाने फांदीकडे पाहिले, बांधाकडे पाहिले. मग मोठ्याने म्हणाली, "आतलं ते आमचं." आणि थोडे थांबून, "बाहेरचं तेही."

एवढे म्हणून तिने फांदी खोचली. सोणकाने मडक्यात पाणी ओतले.

नंदा आली तेव्हा पानाआड लपलेले एकच वाळूक उरले होते. उत्पलाने ते तिच्यापुढे ठेवले आणि मान खाली घातली. "एवढंच राहिलं गं. बाकीची एका बाळंतिणीने खाल्ली."

नंदाने सगळी हकिगत ऐकली आणि पोट धरून हसली. मग वाळकाचे दोन तुकडे केले. "आई, हा तिला नेऊन दे. पिल्लं पाजायची म्हणजे भूक लागते."

उत्पला कुंपणापाशी गेली आणि तिने तो तुकडा पलीकडे, बांधावर ठेवला.

पुढे अनेक जन्मांनंतर, विहाराच्या मळ्यात ससे शिरतात म्हणून एक भिक्खू काठी घेऊन बसला होता. त्याच्याजवळ बसून त्याच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "भिक्खू, तेव्हाचा सोणक म्हणजे तू. तेव्हा तुझ्या हाती मडके होते, आज काठी आहे. तेव्हाची उत्पला आज विहाराला भाजी देणारी उपासिका सुधम्मा आहे, आणि नंदा तिचीच लेक. आणि भद्रक तो मीच होतो. कुंपण जरूर घालावे. पण मैत्री अशी असावी की तिच्या कुंपणाबाहेर कोणी उरू नये."

भिक्खूने काठी उचलली आणि घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून मातीत रोवली.