हौसाबाईचा बिघडलेला चीक

डोंगरालगतच्या एका गावात हौसाबाईचा आठ गाईंचा गोठा होता. एका हिवाळ्यात तिची तीन वासरं हगवणीनं गेली. गाई धडधाकट, वैरण चांगली, तरी असं का होतं हे तिला कळेना. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "व्यालेल्या गाईचा पहिला चीक वासराला पहिल्या काही तासांतच हवा. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. पण कधीकधी त्याच चिकातून जंतूही पोटात जातात. म्हणून चिकाचं भांडं गरम पाण्यात ठेवून चीक साठ अंशांवर तासभर तापवा. जंतू मरतील, ताकद राहील. त्याहून जास्त तापला, तर ताकदही गेलीच म्हणून समजा."

हौसाबाईनं थर्मामीटर आणला आणि सांगितलं तसं केलं. पुढची पाचही वासरं जगली. मग गावातल्या बायका तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. ती मनापासून शिकवायची, पण चुकणारीला धारेवर धरायची. शेजारच्या सुभद्रेचा चीक एकदा जास्त तापून घट्ट झाला, तेव्हा हौसाबाई चारचौघींत म्हणाली, "एवढं साधं जमत नाही, तर गाई पाळतेस कशाला?" सुभद्रा मान खाली घालून निघून गेली. पुन्हा ती हौसाबाईच्या अंगणात आली नाही.

एके दिवशी सकाळी हौसाबाईची तांबू गाय व्याली. नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या गावच्या चार बायका चीक तापवणं बघायला आल्या. हौसाबाईनं सगळा चीक काढून तापत ठेवला आणि आपली पाच वासरं कशी जगली ते रंगवून सांगू लागली. बोलण्याच्या नादात चुलीतलं लाकूड मागं ओढायचं राहून गेलं. भानावर येऊन तिनं पाहिलं, तर पारा पासष्टच्याही वर गेला होता.

चीक फाटला नव्हता. किंचित दाटला होता, एवढंच.

"झाला का हो, मावशी?" एकीनं विचारलं.

"झाला," हौसाबाईच्या तोंडून निघून गेलं. तिनं चीक निववून बाटलीत भरला. वासरू धडपडत उभं राहिलं होतं आणि तिची बोटं चोखत होतं. तिचा हात थबकला. ही बाटली पाजली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. पण वासराला त्यातून ताकद मिळाली नसती, आणि संध्याकाळच्या धारेपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

"नाही बायांनो," ती म्हणाली. "माझं लक्ष बोलण्यात होतं. चीक जास्त तापला. हा उपयोगाचा नाही."

आणि ती तडक सुभद्रेकडे गेली. "सुभद्रे, माझा चीक बिघडला. तुझी गाय परवाच व्याली. तापवून ठेवलेला असला, तर थोडा दे. आणि त्या दिवशी मी तुला बोलले, ते चुकलंच माझं."

सुभद्रा आत वळली. मग फ्रीजमधून बाटली काढत म्हणाली, "ते मागून बोलू, आक्का. बाटली बुडवायला कोमट पाणी तयार ठेवा. आधी त्याला पाजू."

दोघींनी मिळून वासराला पाजलं. वासरू शेपटी हलवत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

ते बघून पाहुण्यांपैकी एक हळूच म्हणाली, "मावशी, आमचाही चीक घरी तापवताना दोनदा बिघडला. सांगायला लाज वाटत होती."

"बस इथं," हौसाबाई म्हणाली. "कुठं चुकतंय ते मिळून बघू."

वासरू जगलं. त्या वर्षी दोन्ही गावांत हगवणीनं फारच थोडी वासरं गेली.

तात्पर्य: चूक वेळेवर कबूल केली, तर घटकाभर आपली मान खाली जाते; पण लपवली, तर ती दुसऱ्याच्या जिवावर बेतते.