पिंगीचा मोर

ज्या काळी मुंगसंही बिळापुढे सडारांगोळी करत, त्या काळी पिंगी नावाची मुंगसीण लग्न होऊन नव्या बिळात आली. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, वर्षभर नुसते ठिपके आणि रेघा काढायच्या. चित्रं मग." पिंगी "बरं" म्हणाली, आणि मनात म्हणाली, ठिपके काय, कोंबडीची पिल्लंही काढतील.

दिवाळीला मोरराव फराळाला येणार होते. पिंगीनं ठिपके न मांडताच दारात भलामोठा मोर काढला. मोररावांनी मान तिरकी करून तो पाहिला आणि काळजीनं विचारलं, "ही कोंबडी आजारी आहे का हो?" मग आत जाऊन त्यांनी सगळे लाडू संपवले.

दुसऱ्या दिवसापासून पिंगी अकरा ओळींत अकरा-अकरा ठिपके मांडायला लागली. शेवटची ओळ हटकून घसरायची, की सगळं पुसून पुन्हा सुरुवात. शेजारणी विचारायच्या, "आज कोंबडी नाही वाटतं?" पिंगी गालात हसून पुन्हा चिमूट भरायची. मोराची मान नेमकी कुठे वळते, तेही ती झुडपाआडून बघून यायची.

पुढच्या दिवाळीला मोरराव आले आणि दारातच थबकले. रांगोळीतला मोर पाहून त्यांची मान ताठ झाली. "दुसऱ्या मोराला बोलवायचं होतं, तर मला कशाला आवतण दिलंत?" म्हणत ते तरातरा परत गेले.

सासूबाईंनी लाडवांनी भरलेल्या डब्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "संक्रांतीला कोल्हीणबाई यायच्यात. उद्यापासून कोल्हीण गिरवायला घे."