धरलं का?

"मग मला हा विषय दिलातच कशाला, सर?"

साबडे सरांच्यासमोर टेबलावर हेमांगी राऊळचा अर्ज होता. संशोधन सोडत आहे, मार्गदर्शकांची संमती असावी. खाली सहीची जागा कोरी होती.

"हे होत नाही, ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

हेमांगी खुर्चीत बसली. ती भांडायचं ठरवून आली होती. समोरच्याने असं सरळ कबूल केल्यावर भांडायचं तरी कुणाशी, ते तिला कळेना.

विषय सांगायला सोपा होता. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतला कार्बन, पण नीट रचलेला, आरशासारखा चकचकीत. त्याच्या तुकड्यावर प्लॅटिनमचा सलग थर चढवायचा. चेंबर बंद करून प्लॅटिनमची वाफ सोडायची. पृष्ठभागाला जेवढी चिकटेल तेवढी चिकटते. उरलेली नायट्रोजनने झाडून काढायची. मग ऑक्सिजन सोडायचा, पुन्हा झाडायचं. ही झाली एक फेरी. एका फेरीत अणूच्या जाडीचा थर, तोही जेमतेम. अशा शेकडो फेऱ्या.

ऑक्साइडवर हा थर इतका सुरेख चढतो की बघत राहावं. काचेवरही चढतो. ग्राफाइटवर मात्र नाही. वाफ येते, धरायला काही सापडत नाही, आणि निघून जाते.

प्रयोगशाळेत त्यासाठी एकच शब्द होता, धरणं. झाडाला फळ धरतं, तसं. सर रोज दारातूनच विचारायचे, "धरलं का?" हेमांगी मान हलवायची. पुढे पुढे सरांनी विचारणं सोडलं, नुसते तिच्याकडे बघायचे. ते तिला जास्त लागायचं.

"माझ्याआधी कुणाला दिला होतात हा विषय?" तिने विचारलं.

"दोघांना."

"त्यांचं काय झालं?"

"एक शाळेत शिकवतो. दुसरा माझ्याशी बोलत नाही."

"आणि त्यांच्याआधी?"

"मी होतो."

बाहेर कुणीतरी पाण्याचा नळ सोडला आणि बंद केला.

"माझ्याबरोबरचे सगळे मार्गी लागले, सर," ती म्हणाली. "आई फोनवर विचारते, कुठवर आलं? मी म्हणते, थर चढतोय. आता खोटं बोलायचाही कंटाळा आलाय मला. माझ्या हातून चूक झाली असती, तर दुःख वाटलं नसतं. पण माझी चूक सापडतच नाही."

हे मात्र खरं होतं. स्वच्छतेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि याचा तिला थोडाथोडका नाही, चांगला भरभक्कम अभिमान होता. तिच्या टेबलाजवळ उभं राहून बोलायची कुणाची टाप नव्हती, तोंडाची वाफ लागते म्हणे. थर धरला नाही की ती ग्राफाइटवर चिकटपट्टी लावायची, अंगठ्याने घासायची आणि सर्रकन ओढायची. वरचा पापुद्रा पट्टीबरोबर निघून यायचा आणि खाली नवं कोरं पृष्ठ उघडं पडायचं. मग पुन्हा पहिल्या फेरीपासून. प्रयोगशाळेत तो एकच तुकडा होता, आणि सोलून सोलून तो आता नखाएवढा पातळ उरला होता.

ही रीत तिला सरांनीच शिकवली होती.

"सही करा, सर."

सरांनी पेन उचललं. टोपण काढलं… आणि परत लावलं.

"एकदा शेवटचं लावू या?"

"कशाला? तेच होणार."

"तेच होऊ दे."

दोघं प्रयोगशाळेत गेले. झगे चढवले, टोप्या घातल्या, ग्लोव्हज घातले. हेमांगीने चिकटपट्टी लावून ओढली. कोरं पृष्ठ वर आलं. चिमट्यात धरून तिने ते उजेडाकडे तिरपं केलं, एक कणही नव्हता. निदान एवढं तरी आपल्याला येतं, असं तिला वाटून गेलं.

"दे इकडे," सर म्हणाले.

त्यांनी उजव्या हाताचा ग्लोव्ह काढला. चष्मा सारखा करायचा असेल, असं तिला वाटलं. सरांनी आपला उघडा अंगठा त्या पृष्ठावर टेकवला आणि दाबला.

लोणच्याच्या बरणीत कुणी ओला हात घालावा, तसं तिला झालं.

"सर… हे काय केलंत?"

"बिघडायचं काय राहिलंय?"

"चेंबर घाण होईल."

"होऊ दे."

सरांनी तुकडा आत ठेवला आणि मशीन चालू केलं. व्हॉल्व्ह टकटक वाजू लागले. वाफ, झाडणं, ऑक्सिजन, झाडणं. दोघं दोन स्टुलांवर बसून राहिले. हेमांगी सरांकडे बघत नव्हती. हा माणूस म्हातारा झालाय आणि मला आत्ता कळतंय, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं. तिला त्याची लाजही वाटत होती.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुम्ही का नाही सोडलंत?"

"सोडलं होतं. अर्ज लिहिला होता."

"मग?"

"माझ्या सरांनी ठेवून घेतला. सोमवारी सही करतो म्हणाले."

"आणि?"

"रविवारी गेले."

व्हॉल्व्ह वाजत राहिले.

दुपार कलली तेव्हा फेऱ्या संपल्या. चेंबर निवल्यावर हेमांगीने तुकडा चिमट्याने बाहेर काढला. ग्राफाइट तसंच होतं, काळपट आणि कोरं. फक्त मधोमध अंगठा उमटला होता. त्याची रेघ न् रेघ चांदीसारखी उजळ होती. गोल गोल फिरत आत गेलेल्या रेषा होत्या, आणि मध्येच एक आडवी फट होती, सरांच्या जुन्या जखमेच्या व्रणाची.

सर स्टुलावरून उठले नाहीत.

"धरलं का?"

हेमांगीने फक्त घाण पाहिली. आपल्या इतक्या वर्षांच्या कोऱ्या पृष्ठावर पडलेला डाग.

"डाग आहे नुसता," ती म्हणाली. "हाताचं तेल आणि घाम. याला कुणी थर म्हणत नाही, सर."

बोलता बोलता तिचा हात चिकटपट्टीकडे गेला. तिने पट्टी फाडली, त्या डागावर लावली, अंगठ्याने घासली आणि सर्रकन ओढली. आजवर हजारदा केलं होतं, तसंच.

पातळ तुकडा मधोमध तडकला आणि त्याच्या दोन कपच्या टेबलावर पडल्या.

ती पट्टीकडे बघत राहिली. पट्टीवर अंगठा होता, अख्खा. एकही रेघ तुटली नव्हती. प्लॅटिनम कार्बनवरून सुटलं नव्हतं. खालचा कार्बनच सोबत घेऊन ते उपटून आलं होतं.

"सर…"

"हं."

"हे धरलं होतं."

"हो."

"या चेंबरमध्ये पहिल्यांदा… आणि मी…"

हेमांगीने ग्लोव्हज ओरबाडून काढले आणि टेबलावर फेकले. इतकी वर्षं काहीच हाती लागलं नाही, तेव्हाही तिला असं उजाड वाटलं नव्हतं. हाती लागलेलं तिने स्वतः, जराही विचार न करता, साफ करून टाकलं होतं.

"पुन्हा लावा ना अंगठा," ती म्हणाली. "सर, पुन्हा एकदा."

"कशावर?"

टेबलावरच्या दोन कपच्या तिच्या श्वासाने हलल्या. तिने त्या गोळा करायला बोटं लावली, तर त्यांचाही भुगा झाला. मग ती रडली. सरांनी तिला थांबवलं नाही, समजावलंही नाही. तिचं रडणं ओसरेपर्यंत ते तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्हीच शिकवलंत ना मला… डाग राहू द्यायचा नाही म्हणून," ती म्हणाली. त्यात आता तक्रार नव्हती.

"मीच."

"आणि तेच चुकीचं होतं?"

सरांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"मला माहीत नाही, हेमांगी."

त्यांनी टेबलावर पडलेली चिकटपट्टी कडेने अलगद उचलून घेतली आणि आपल्या खोलीकडे चालू लागले. ती मागोमाग गेली. अर्ज टेबलावर तसाच पडला होता, पेन त्याच्या शेजारी. सर खुर्चीत बसले. त्यांनी पेनाला हात लावला नाही. सहीच्या कोऱ्या जागेवर त्यांनी ती पट्टी लावली, कोपरे नीट बसवले आणि अंगठ्याने घासली. मग अर्ज तिच्यापुढे सरकवला.

हेमांगीने डोळे पुसले.

"सर… इथे सही लागते."

"मला एवढीच येते."